अस्वलाचं खरं नाव

डोळ्यांत थेंब घालून कंपाउंडरने सांगितलं होतं, डोळे मिटून बसा, नाव पुकारलं की आत या. तसा मी बसलो होतो. माझ्यासारखे आणखी पाचसात जण मिटल्या डोळ्यांनी बसलेले असणार, म्हणजे बाहेरून कुणी डोकावलं असतं तर वाटलं असतं, ही सगळी मंडळी कुणाची तरी वाट पाहता पाहता झोपी गेली आहेत. पंखा कुरकुरत होता. शेजारचे गृहस्थ दर खोकल्यानंतर 'सॉरी' म्हणत होते, कुणाला कोण जाणे. मग दाराशी कंपाउंडरचा आवाज आला आणि मी उठून उभा राहिलो. नुसता उभा राहिलो नाही. फाइल काखेत मारली, उजवा हात शेजारच्या खुर्चीकडे नेला, कुणाला तरी आधार देऊन उठवायचं असावं तसा, आणि मोठ्याने म्हणालो, "हो, आलो, आलो." हाताला त्या खोकणाऱ्या गृहस्थांचा दंड लागला. ते दचकले. मी डोळे उघडले तर थेंबांमुळे सगळं विरघळलेलं, भिंती, माणसं, दारावरची पाटी. त्यातून एक पिवळा ठिपका, बहुतेक कुणा मुलीचा ड्रेस, माझ्या बाजूने आत गेला. कंपाउंडर म्हणाला, "काका, तुमचं नाही. बसा तुम्ही." मी बसलो. त्याने पुकारलेलं नाव माझ्या मुलीचं होतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. गूढ करावं म्हणून नव्हे. हाताला सवय राहिलेली नाही, इतकंच. नऊ वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा सतराची होती, आणि त्याआधीची दोन वर्षं आम्ही अशाच बाकांवर काढली होती. पुकारायचे तिचं नाव आणि उठायचो मी. तिला उठायला वेळ लागायचा, म्हणून मी आधीच "आलो, आलो" असं ओरडून ठेवायचो, नाहीतर मधेच दुसऱ्याचा नंबर घुसवतील अशी मला धास्ती. फाइल काखेत, तिचा दंड माझ्या हातात. हे सगळं शरीराने इतकी वर्षं घडी करून ठेवलं होतं आणि मला पत्ता नव्हता. चारचौघांत फजिती झाली याची लाज वाटायला हवी होती, पण तसं झालं नाही. मला काय झालं ते सरळ सांगतो: मला आनंद झाला. उठलो त्या क्षणी, डोळे अजून मिटलेले असताना, मला वाटलं, चला, आला एकदाचा आपला नंबर. अगदी जीव भांड्यात पडला. मग डोळे उघडले. त्यानंतर डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून काय काय पाहिलं, चष्म्याचा नंबर किती वाढला म्हणून सांगितलं, यातलं मला काही आठवत नाही. मी त्यांना विचारणार होतो की आत्ता आत येऊन गेलेल्या मुलीला काय झालं होतं. विचारलं नाही, कारण विचारायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

आमच्या घरात तिचं नाव घेत नाहीत. असा नियम कुणी केला नाही, आम्ही दोघं काही समोरासमोर बसून ठरवलेलं नाही. आधी आजाराचं नाव घेणं बंद झालं. रिपोर्ट आले त्या दिवसापासून आम्ही 'तिचा त्रास' म्हणायला लागलो, नातेवाइकांना फोनवर 'जरा रक्ताचं आहे' सांगायला लागलो, आणि हिने, म्हणजे माझ्या बायकोने, डॉक्टरांना बाजूला घेऊन बजावलं की पोरीच्या कानावर तो शब्द पडता कामा नये. पोरीनेच एकदा राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारलं, माझा कॅन्सर आता कुठपर्यंत आलाय. एखादी बस कुठपर्यंत आली असं विचारावं तसं. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो, जणू तिथे काही चाललं होतं. मग ती गेली. आजार गेला, फायली गेल्या, औषधांचा वास महिन्या दोन महिन्यांत भिंतींतून गेला, पण भीतीला जायला जागा नव्हती, म्हणून भीती नावावर येऊन बसली. नाव ओठांवर आलं की हिचा श्वास अडकायचा, हिचा अडकला की माझा. मग आम्ही 'ती' म्हणू लागलो. तिची खोली 'मधली खोली' झाली. तिचा वाढदिवस 'पंधरा तारीख' झाला, महिना सांगायची गरज नसे. आणि एकदा भांड्यांना येणाऱ्या बाईंबद्दल ही सहज म्हणून गेली, "ती आज आली नाही वाटतं," आणि आम्ही दोघं हातातले कप हातात धरून जागच्या जागी थिजलो. त्या दिवसापासून भांड्यांच्या बाई 'मावशी' झाल्या, समोरच्या घरातल्या 'समोरच्या' झाल्या, आणि बायकोलाही मी मनातल्या मनातसुद्धा 'ही' म्हणायला लागलो. जगातल्या निम्म्या माणसांना पुरणारा शब्द आम्ही एकटीला देऊन टाकला. मी शब्दांच्या धंद्यातला माणूस, मला हे दिसत होतं. पण दिसलेलं सगळं बोलायचं असतं थोडंच.

दवाखान्यातून मी ऑफिसला गेलो. दिवसभर वाचू नका, असं कंपाउंडरने निघताना बजावलं होतं आणि मला तर वाचण्याचाच पगार मिळतो. इंग्रजी शब्द आणि पुढे आपल्या भाषेतले अर्थ, अशा एका मोठ्या कोशाच्या कचेरीत मी नोकरी करतो. खाली नळाच्या तोट्या आणि बेसिनं विकणारं दुकान आहे, वर आम्ही. नव्या आवृत्तीचं काम 'बी' अक्षरापर्यंत आलंय आणि तिथेच ठाण मांडून बसलंय. मुख्य संपादक निवृत्त होईपर्यंत निदान 'सी' तरी दिसावं, असा आमच्यात विनोद आहे. या संपादकांना आम्ही मागे 'पूर्णविराम' म्हणतो, कारण कुठलीही नोंद दोन ओळींच्या पुढे गेली की त्यांचं पेन शिवशिवतं. मला अक्षर दिसत नव्हतं म्हणून टाइप करणाऱ्या ऑपरेटर बाई मला प्रूफं वाचून दाखवत होत्या. त्यांचा आवाज रेल्वेची घोषणा करावी तसा सपाट आहे. "बेअर. नाम. एक, अस्वल. दोन, आडदांड, उद्धट माणूस. तीन, शेअरबाजारात भाव उतरणार या अंदाजाने विक्री करणारा. पुढे तुम्ही लिहिलेली व्युत्पत्ती आहे, पण साहेबांनी त्यावर काट मारलीय." मी म्हटलं, काट मारलेलं वाचा. त्या म्हणाल्या, काट मारलेलं कशाला वाचायचं? मी म्हटलं, वाचा हो.

त्यांनी वाचलं आणि मी डोळे मिटून, दवाखान्यातल्यासारखाच, ऐकत राहिलो. उत्तरेकडच्या थंड रानांत राहणारी माणसं अस्वलाला इतकी भीत, की त्याचं खरं नाव घेत नसत. नाव घेतलं की ते येतं. म्हणून ती माणसं त्याला नुसतं 'तपकिरी' म्हणायची. नदीकाठी तपकिरी दिसला, तपकिऱ्याने वासरू नेलं. म्हणता म्हणता तेच त्याचं नाव होऊन बसलं, आणि इंग्रजीत ते 'बेअर' असं उरलं. शेजारच्या मुलखातल्या लोकांनी 'मधखाऊ' म्हणून वेळ मारून नेली. निदान बहुतेक अभ्यासक असं मानतात. पूर्णविरामांचा राग या 'मानतात'वर होता. खरं नाव त्या घरांमधून गेलं ते कायमचं गेलं. पण भाषांचीही भाऊबंदकी असते. जे दूर निघून गेले होते, ज्यांना त्या रानाची भीती उरली नव्हती, त्यांच्या घरी ते जुनं नाव राहिलं; ग्रीकांकडे आर्क्टोस म्हणून, रोमनांकडे उर्सुस म्हणून, आणि आपल्याकडे ऋक्ष, त्याचंच पुढे रीस. एका भावाने भीतीने टाकलेलं नाव दुसऱ्याच्या घरात धडधाकट होतं. हे मी मोजक्या ओळींत लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या ओळींचा मला थोडा गर्वही होता. मी उठून संपादकांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, अहो, अस्वल म्हणजे अस्वल. माणूस परीक्षेच्या आदल्या दिवशी कोश उघडतो, त्याला अस्वलाची वंशावळ कशाला हवी? यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण माझ्या डोळ्यांतून थेंबांचं पाणी गळायला लागलं आणि पूर्णविराम घाबरले. त्यांना वाटलं मी अस्वलासाठी रडतोय. "राहू द्या, राहू द्या हवं तर," ते म्हणाले, "त्यात काय एवढं." आणि थेंब होते की आणखी काही, हे मलाही सांगता आलं नसतं.

कारण ही अस्वलाची गोष्ट मी आधी तिला सांगितली होती, वॉर्डमध्ये, रक्ताची बाटली चढत असताना. बाटली चढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिला टीव्ही नको असायचा, पुस्तक धरवत नसे, म्हणून मी शब्द सांगायचो. लहानपणापासूनची सवय होती ती. इतर बाप खाऊ आणतात, मी ऑफिसातून शब्द आणायचो, आणि तिला ते आवडायचे किंवा माझ्यासाठी आवडल्यासारखे दाखवायची, पोरींना तेवढी समज फार लवकर येते. त्या दिवशी मी रंगात येऊन रान, बर्फ, शेकोटी सगळं उभं केलं. ती छताकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "नाव घेणं सोडल्यावर अस्वलं यायची थांबली का?"

"नाही," मी म्हटलं, "येतच होती."

"म्हणजे अस्वल आलं ते आलंच, आणि वर नावही गेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मग नाव तरी घ्यायचं होतं, बाबा."

मी हसलो. माझी ही खोडच आहे, चांगलं वाक्य कानावर पडलं की आधी दाद देतो, अर्थ मागाहून येतो. तो अर्थ मला नऊ वर्षांनी, ऑपरेटर बाईंच्या त्या सपाट आवाजात, एका खोडलेल्या नोंदीतून ऐकू आला. खिडकीबाहेर कसला तरी ट्रक मागे येत होता, पीं पीं करत, आणि खालच्या दुकानात कुणीतरी तोटी उघडून दाखवत होतं. मी ते नाव म्हणून बघायचं ठरवलं. संध्याकाळी बसस्टॉपवर उभा राहून ओठ हलवले. मनात नाव स्वच्छ होतं, अक्षर न् अक्षर, पण घशाशी येऊन घोडं अडलं. नुसती हवा बाहेर आली. शेजारचा माणूस म्हणाला, "काय म्हणालात?" मी म्हटलं, काही नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. आमच्या दोघांपैकी एक जण आधी जाणार, मग दुसरा, आणि दुसरा गेला की ते नाव आमच्या घरातून कायमचं जाणार. पुढे फक्त ते नाव असलेल्या दुसऱ्या मुली उरणार, पिवळ्या ड्रेसमधल्या, डोळे तपासायला येणाऱ्या. मला हिच्यासमोर ते नाव घ्यायचं होतं. एकदाच, पण हिच्यासमोर, आमच्या घरात. आणि घरी जायच्या बसऐवजी मी ताईकडे जाणाऱ्या बसमध्ये चढलो.

ताई माझ्याहून मोठी. ताईकडे जाणं मी सोडलं होतं, म्हणजे भांडण नव्हतं, फोनवर तब्येती विचारल्या जायच्या, पण जाणं नव्हतं. ती गेली त्या वर्षी ताई आमच्याकडे राहायला आली होती, आम्हाला सोबत म्हणून. ताईला बोलल्याशिवाय राहवत नाही. जेवायला बसलं की ताई तिचं नाव घ्यायची, अगदी सहज, मीठ मागावं तसं. तिला असं आवडायचं, तिला तसं चालायचं नाही. पहिल्या वेळी ही ताटावरून उठून गेली. दुसऱ्यांदा उठली नाही, पण हिचा हात घास घेऊन तसाच राहिला. मी ताईला गॅलरीत नेऊन म्हटलं, ताई, तिचं नाव नको घेऊस या घरात. ताईने विचारलं, मग काय म्हणू? मी म्हटलं, काहीच म्हणू नकोस. माझा आवाज चढला असणार, कारण आतमध्ये भांड्यांचा आवाज थांबला होता. ताईने दुसऱ्या दिवशी बॅग भरली, आणि रिक्षात बसताना माझ्या गालावरून हात फिरवून गेली. मला सुटल्यासारखं वाटलं, मग वाईट वाटलं, मग सवय झाली. नाकासमोर चालणाऱ्या माणसांचं असंच असतं, एक वळण चुकलं की पुढे सगळा रस्ता सरळ चुकीचा.

ताईने दार उघडलं, मला पाहिलं आणि म्हणाली, "ये. डोळे का असे लाल?" थेंब उतरत आले होते, घर हळूहळू कडांसकट दिसायला लागलं होतं. ताई थकली होती. समोर जमिनीवर ताईची नात, चारेक वर्षांची, रंगीत खडू पसरून बसली होती; मामाआजोबा आलेत बघ, ताई पोरीला म्हणाली. मी कोपऱ्यातल्या एका बुटक्या निळ्या खुर्चीकडे बघत होतो, ओळखीची वाटत होती. नातीने मान वर केली, मला नीट पाहून घेतलं आणि माहिती दिली की ही खुर्ची अमकीची आहे, पण आपण बसलो तर चालतं. अमकी म्हणजे तिचं नाव. त्या पोरीने ते संपूर्ण घेतलं, बोबडं न करता, आणि पुन्हा खडूकडे वळली. खुर्ची आम्हीच दिली होती, मधली खोली रिकामी करताना, हे मला तेव्हा आठवलं. मी पाणी मागितलं. पाणी घेऊन ताई येते आहे तोवर नात पुन्हा म्हणाली, "मामीआजी नाही आली तुमच्याबरोबर? आज मंगळवार नाही का?"

आज सोमवार होता. मामीआजी म्हणजे माझी बायको. ताई पेला हातात घेऊन दारात उभी राहिली, आणि ताईच्या चेहऱ्यावर मला लहानपणी दिसायचा तो भाव दिसला, खाऊचा डबा चोरून उघडताना सापडलं की यायचा तो. ही दर मंगळवारी चार वाजता शिवणाच्या क्लासला जाते. किती वर्षं झाली. कापडी पिशवी, पिशवीत मोजायची टेप, सहाला परत. इतक्या वर्षांच्या शिवणाच्या क्लासनंतर आमच्या घरात हिने शिवलेला एक उशीचा अभ्रासुद्धा नाही, आणि पुराव्याशिवाय एक शब्द न छापणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या हे एकदाही ध्यानात आलं नव्हतं. ताई खाली बसली. म्हणाली, येते, दर मंगळवारी येते. चहा घेते, या पोरीला तिच्या गोष्टी सांगते, कधी नुसतीच बसते. कधी या पोरीलाच चुकून तिच्या नावाने हाक मारते आणि मग दोघी हसतात. माझ्याकडून वचन घेतलंय, तुला सांगायचं नाही म्हणून.

"का?" मी विचारलं.

"का काय? तू नाही का म्हणालास, या घरात नाव नको? तुझी बायको म्हणाली, ताई, त्यांना सोसत नाही. त्यांच्यासमोर नाव निघालं तर ते कोलमडतील. मी बाहेर घेईन, पण त्यांना जपायला हवं."

"मी हिच्यासाठी म्हणालो होतो, ताई. हिचा घास हातात राहिला होता."

ताईने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "घास राहिला होता, ते कुणीतरी नाव घेतलं म्हणून. तुझी बायको ऐकत होती रे, मन लावून." नात खडू मोडला म्हणून रडायला लागली आणि ताई उठली. जाताना मी त्या निळ्या खुर्चीला हात लावला. ताई म्हणाली, "आता तुमचं तुम्ही बघा बाबा. मी कात्रीत सापडलेय तुम्हा दोघांच्या."

बसमध्ये मला हिचा राग आला. खूप आला. मला कळू न देता हिने एक घर उभं केलं होतं जिथे तिचं नाव होतं, चहा होता, हसणं होतं, आणि मला मात्र त्या मुक्या घरात ठेवून ही दर मंगळवारी श्वास घ्यायला जात होती. मग वाटलं, श्वास घ्यायला जावं लागलं, यात राग कसला करायचा. मग हिची ती टेप आठवली, पिशवीत टाकायच्या आधी बोटाला गुंडाळून नीट ठेवलेली, आणि मला बसमध्ये रडू आलं. थेंबांचं निमित्त आता उरलं नव्हतं. घरी हिने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हटलं, नंबर वाढलाय. उशीर का झाला? मी म्हटलं, बस चुकली. हिने मान हलवली आणि जेवायला वाढलं. आम्ही जेवलो. हिच्या कपाळावरची बारीक रेघ, कानामागे गेलेले पांढरे केस, पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवताना बोटांनी तो किंचित फिरवायची सवय, हे सगळं मी त्या दिवशी पाहिलं आणि वाटलं, आत्ता म्हणावं. तोंड उघडलं. ही वर बघून म्हणाली, "मीठ कमी आहे का?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली, डोळ्यांचं कारण होतंच. मंगळवारी मी घरी असण्याची हिला सवय नाही. चार वाजायच्या आधीपासून ही उगाच इकडून तिकडे करत होती, पिशवी काढली, ठेवली, पुन्हा काढली. शेवटी म्हणाली, "आज नाही गेले क्लासला तर चालेल." मी म्हटलं, "अगं, जा. आज काय शिकवणार आहेत?" ही दाराकडे बघत म्हणाली, "कॉलर." मी म्हटलं, जा, कॉलर कठीण असते. ही गेली. जिन्यावर चपलांचा आवाज उतरत गेला, खालचं फाटक वाजलं.

मी मधल्या खोलीत गेलो. आता तिथे कपाट आहे, इस्त्रीचं टेबल आहे, जुनी वर्तमानपत्रं आहेत. खिडकीच्या चौकटीवर तिने पेन्सिलने केलेल्या खुणा रंगाखाली गेल्या आहेत, पण बोट फिरवलं की अजून लागतात. लहानपणी जेवायला बोलावलं की ती या खोलीतून कधी वेळेवर ओ द्यायची नाही. मी पहिली हाक मारायचो, काही नाही. दुसरी मारायचो, काही नाही. मग स्वयंपाकघरातून ही ओरडायची, "अगं, ओ तरी दे!" आणि तिसऱ्या हाकेला "ओ" यायची, लांबवलेली, वैतागलेली, जणू आम्हीच तिच्या कामात व्यत्यय आणत होतो. ते मला आठवलं, आणि मी नाव म्हणायचा प्रयत्न केला. बरेच दिवस बंद असलेला नळ उघडला की आधी नुसती हवा येते, मग गढूळ पाणी, तसं झालं. पहिल्यांदा खरखर आली. दुसऱ्यांदा अर्धं नाव आलं. मग मी खिडकीच्या चौकटीला धरलं, दार उघडंच होतं, आणि जेवायला बोलवावं तशी मोठ्याने, पूर्ण नावाने हाक मारली. आवाज माझाच होता, पण जुना. घर ऐकत राहिलं. मला एवढं दुःख झालं, की इतकी वर्षं मी जे दुःख म्हणून सांभाळलं होतं ती नुसती त्याची राखण होती, हे मला कळलं.

मागे काहीतरी वाजलं. ही दारात उभी होती. हातात पिशवी, पिशवीतून टेपचं टोक बाहेर आलेलं. चष्मा विसरला म्हणून परत आले, असं ही पुढे म्हणाली, पण ते नंतर. तेव्हा ही नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी वाट बघत राहिलो की आता श्वास अडकेल, आता ही खाली बसेल. हिने पिशवी इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. पदराने नाक पुसलं.

"एका हाकेत कधी ओ दिलीय का तिने?" ही म्हणाली. "अजून मारा."

मी दुसरी हाक मारली. यावेळी आवाज मोडला, पण नाव पूर्ण झालं. हिने मान हलवली, बरोबर, अशी. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली, खिडकीच्या चौकटीला धरून, जिथे माझा हात होता त्याच्या जरा खाली. तिसरी हाक आम्ही दोघांनी मिळून मारली. आणि मग थांबलो, बराच वेळ, ओ यायला लागतो तेवढा.